तेरा हात, आठ बोटं

बागेत मोसंबीची झाडं दोनशे सोळा होती. अठरा ओळी, ओळीत बारा. त्यांतली तीन वाळलेली आणि एकावर मधमाश्यांचं पोळं. पाचव्या आणि सहाव्या ओळीच्या मधल्या मोकळ्या पट्टीत मातीचा एक ओटा होता, दहा इंच उंच. समोर दोन बांबूंना ताणून बांधलेलं बारदान आणि बारदानावर चुन्यानं काढलेला चौकोन, माणसाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत येईल एवढा. बेसबॉलचे चेंडू चौदा. नऊ धड, चार शिवण उसवलेले, एक पाटात पडून भाकरीसारखा फुगलेला. आणि ओट्यावर कल्याण, वय एकवीस, अडीच महिन्यांपासून व्यावसायिक पिचर.

व्यावसायिक हा शब्द घरात अजून कुणाच्या तोंडात बसला नव्हता. वडीगोद्रीच्या शाळेत असल्यापासून कल्याण बेसबॉल खेळत आला होता, पण तो मैदानात पार लांब उभा राहणारा गडी. चेंडू आलाच तर उचलायचा आणि फेकायचा. हिवाळ्यात जालन्याला एका नव्या लीगच्या संघानं निवड चाचणी घेतली. प्रशिक्षक मुकुल सर वेग मोजायचं यंत्र घेऊन बसले होते. कल्याणनं लांबून फेकलेला चेंडू यंत्रात ताशी एकशे एकतीस किलोमीटर दिसला. सरांनी यंत्र झटकलं, पुन्हा फेकायला लावलं. पुन्हा एकशे एकतीस. एवढा हात असलेल्या मुलाला आजवर इतक्या लांब कुणी उभं केलं, असं त्यांनी विचारलं आणि त्याला पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, करून टाकलं. एका हंगामाचा करार झाला, त्यात एक अट: आधी हात पक्का झाला पाहिजे. दोन महिने घरी सराव कर, असं सांगून त्यांनी अंतर कागदावर लिहून दिलं. ओट्यापासून बॅटर उभा राहतो त्या प्लेटपर्यंत साठ फूट सहा इंच.

कल्याणनं ते मनापासून पाळलं. बागेतली झाडं वीस-वीस फुटांवर आहेत, हे त्याला चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक होतं. पहिल्या झाडाच्या रेषेत ओटा, चौथ्याच्या रेषेत बारदान, म्हणजे साठ फूट झाले. वरचे सहा इंच मात्र त्यानं धाकट्या बहिणीच्या, शालूच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजून घेतले. हयगय नको म्हणून दोनदा.

दोन महिने सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. शेवटी शेवटी चाळिसातले तेहतीस चेंडू चौकोनात बसू लागले. उरलेल्या सातांतला एखादा मोसंबीला लागायचा, आणि आई त्याच मोसंबीचा रस काढून त्याला द्यायची, म्हणजे खर्च वसूल.

मग पहिला सराव सामना आला, जालन्याच्या मैदानावर, आणि कल्याणचा एकही चेंडू बॅटरसमोरच्या मनातल्या चौकोनात जाईना. इकडे-तिकडे गेले असते तर घाबरला म्हणता आलं असतं. पण चेंडू सरळ रेषेत येत होते, वेगानं येत होते आणि दर वेळी वीतभर उंच जात होते. चार चेंडू असे बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. कल्याणनं ओळीनं चौघांना तो दिला. चौथा तर जाताना त्याला थँक यू म्हणाला.

मुकुल सर रागावले नाहीत. ते रागावत नसत, हीच त्यांची वाईट खोड होती.

"कल्याणराव, तुमचं काही चुकत नाही," ते म्हणाले. "आमचे बॅटर वीतभर बुटके निघाले. आता एवढ्यासाठी उंच बॅटर कुठून आणू?"

मग त्यांनी सरळ सांगितलं. येत्या रविवारी तीस चेंडू टाकायचे. वीस चौकोनात बसले तर करार पक्का. नाहीतर बीडचा एक मुलगा तयार होता, वेगानं कमी, पण बॅटरच्या उंचीबद्दल त्याची तक्रार नव्हती.

बातमी कल्याणच्या आधी वडीगोद्रीत पोचली. फाट्यावर भुजंगचं चहाचं हॉटेल होतं. कल्याण एस.टी.तून उतरला तर भुजंगनं न मागता चहा पुढं केला.

"चौघांला फुकट नेऊन सोडलं म्हनं," भुजंग म्हणाला. "लेका, एस.टी.बी अर्धं तिकीट घेती."

सोमवारी सकाळी कल्याणनं बागेत चाळीस चेंडू टाकले. चौतीस चौकोनात. म्हणजे हात बिघडला नव्हता. जालन्यात काहीतरी होतं. हवा असेल, उजेड असेल. त्यानं ही दोन्ही कारणं शालूला सांगितली. शालू अंबडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कारणं ऐकली की तिच्या कपाळाला आठी पडायची.

"हवा असती तर चेंडू कुठंबी गेले असते," ती म्हणाली. "दर वेळी वीतभरच कसे? दादा, हे अंतर तू कशानं मोजलं?"

"सहा इंच तुझ्या पट्टीनं."

"अन् साठ फूट?"

"झाडानं."

शालू भिवा गवंड्याकडं गेली आणि त्याचा टेप घेऊन आली. एक टोक कल्याणनं धरलं, दुसरं तिनं. दोन झाडांमधलं अंतर बावीस फूट दोन इंच भरलं. पुढचं तेवढंच. त्याच्या पुढचंही तेवढंच. ओट्यापासून बारदानापर्यंत सदुसष्ट फूट. दोन महिने कल्याण साडेसहा फूट जास्तीवर फेकत होता. लांबच्या चौकोनात बसणारा चेंडू जवळ आलेल्या प्लेटवर वीतभर उंच राहणारच. शालूनं गणित वहीत मांडून दाखवलं. कल्याणला गणितापेक्षा आपली पट्टी आठवली. दोनदा मोजलेले सहा इंच.

आता प्रश्न आबांचा होता. बाग आबांनी, म्हणजे आजोबा कारभारी यांनी, लावली होती. नुसती हीच नाही. आसपासच्या सात बागांची आखणी त्यांच्या दोरीनं झाली होती. दोर कुणाचा विचारलं की लोक कारभाऱ्याचा म्हणत आणि पुढं बोलत नसत.

आबा बाजेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेप खोटा असल्याचा निकाल दिला. भिवानं बांधलेल्या भिंती बघा, म्हणाले.

"वीस फूट म्हंजी तेरा हात, आठ बोटं," ते म्हणाले. "दीड फुटाचा हात. शिकलेली हाईस ना? कर हिशेब."

शालूनं हिशेब केला. बरोबर वीस फूट आले. एक इंच कमी नाही, जास्त नाही. कल्याणला वाटलं, चला, पुन्हा हवेवर आलो.

शालूनं टेप खाली ठेवला नाही. "आबा, हात द्या," ती म्हणाली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तिनं टेप लावला. वीस इंच. दुसरा हात मोजला. वीस इंच. आठ बोटं सहा इंच होती, ती चारचौघांसारखीच निघाली. अठरा इंचांच्या जागी वीस. सगळी बाग त्या दोन इंचांवर उभी होती, आणि शेजारच्या सात बागाही. झाडं बरोबर वीस फुटांवर लावली असती तर याच रानात पन्नासेक जास्त बसली असती, हेही शालूनं सांगून टाकलं. कल्याणनं तिला डोळ्यांनी गप्प केलं, पण उशीर झाला होता.

आबा स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. जणू पंचाहत्तर वर्षं घरात राहिलेल्या माणसानं आज आपलं गाव वेगळं सांगितलं.

"झाडाला ऊन लागलं पायजे," ते शेवटी म्हणाले. "माझी मोसंबी बघ अन् दुसऱ्याची बघ." मग कल्याणकडं वळून, "अन् तुझा हात कुनावर गेला? एकशे एकतीस का काय ते, ते काय टेपानं आलं?"

कल्याणचा हातही मोजला गेला. साडेएकोणीस.

मात्र नवी खुंटी आबा फुटात रोवू देईनात. शालूनं साठ फूट सहा इंचांना त्यांच्या हातानं भागलं. छत्तीस हात, आठ बोटं. ते त्यांना पटलं. गुडघ्यावर बसून, कोपर टेकत, मोजत ते ओट्यापासून निघाले आणि खुंटी स्वतः ठोकली. ते आत गेल्यावर शालूनं गुपचूप टेप लावून पाहिला. साठ फूट सहा इंच. बारदान त्या खुंटीवर आलं.

जवळ आलेलं बारदान सोपं असेल असं कल्याणला वाटलं होतं. मंगळवारी चाळिसातले नऊ बसले. बाकीचे वीतभर उंच. हात जुनंच अंतर धरून बसला होता. चेंडू थोडा उशिरा सोडायचा, एवढंच करायचं होतं, पण हाताला ते सांगायचं कुणी? बुधवारी चौदा, गुरुवारी एकोणीस. शुक्रवारी तेवीस. शनिवारी सत्तावीस, आणि शालूनं वहीत लिहिलं की अटीला तीन चेंडूंमागे दोन लागतात, म्हणजे चाळिसात सत्तावीस हे जेमतेम आहेत. कल्याणनं तिला वही मिटायला सांगितली.

रविवारी आबा जालन्याला आले. मैदानावर सगळे तयार होते, कॅचर बसलेला, मुकुल सर यंत्र घेऊन. आबांनी पायताण काढलं, ओट्यापाशी गुडघे टेकले आणि कोपर जमिनीला लावलं. संघातली पोरं आधी हसली, मग मोजायला लागली. कल्याण मान खाली घालून चेंडूची शिवण बघत उभा राहिला. प्लेटपाशी आबांनी आठ बोटं टेकवली आणि उठले.

"आजोबा, मैदान पास झालं का?" मुकुल सरांनी विचारलं.

"छत्तीस हात, आठ बोटं. बराबर हाय," आबा म्हणाले. "आता पोराचं बघा."

पहिले दोन चेंडू उंच गेले. मुकुल सरांनी शांतपणे प्लेटपाशी उभ्या असलेल्या बॅटरला टाचा उंच करायला सांगितलं. कल्याण ओट्यावरून खाली उतरला. आबांच्या कोपराचे ठसे मातीत दिसत होते, एकापुढं एक, थेट प्लेटपर्यंत. त्यांच्यावरून नजर शेवटच्या ठशापर्यंत नेऊन तो परत वर चढला आणि तिसरा चेंडू टाकला. बॅटरनं टाचा टेकल्या.

शालू कुंपणापाशी वही घेऊन उभी होती. ती प्रत्येक चेंडूला एक रेघ ओढत होती आणि बसलेल्या चेंडूच्या रेघेवर फुली मारत होती. शेवटच्या चेंडूनंतर तिनं रेघा मोजल्या, मग फुल्या मोजल्या, आणि फुल्या पुन्हा एकदा मोजल्या.

तीस चेंडू. चौकोनात एकवीस.