अरबी समुद्रावरचं शिसं

सुधाताईंनी चिमट्याने फिल्टरचा गोल कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. वास घेऊन शिसं सापडत नाही, हे त्यांच्याइतकं ग्वाल्हेरात कुणाला ठाऊक नव्हतं; पण संशय एकदा मानगुटीवर बसला की माणूस काहीही हुंगतो.

कागद अरबी समुद्रावरून आला होता. निदान हेमेंद्र तसं म्हणत होता. त्यांचा हा विद्यार्थी ऑक्टोबरात अठरा दिवस जहाजावर राहून आला होता. हवा ओढणारा पंप डेकवर लावायचा, रोज एक कागद बदलायचा, आणि त्यावर बसलेल्या धुळीत कोणता धातू किती आहे ते इथे थाटीपुरच्या प्रयोगशाळेत मोजायचं, असं ते काम. समुद्रावरच्या हवेत शिसं असतं ते नावापुरतं. हेमेंद्रच्या कागदांवर ते भरमसाट निघालं होतं.

आणि हेमेंद्र राहायचा माधवगंजात, शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या दुकानाच्या वर. जहाजावर बोट लागून आपण तीन दिवस आडवे होतो, हेही त्यानेच सांगितलं होतं. सुधाताईंना एवढं पुरे झालं. गड्याने जहाजावर झोपा काढल्या आणि कागद घरी येऊन गच्चीवर भरले!

त्याच्या पीएचडीच्या समितीला लिहिलेलं पत्र टेबलावर तयार होतं, सही तेवढी राहिली होती. फसवणूक हा शब्द त्यांनी टाळला होता. नमुने हाताळताना शिस्त मोडली, जबाबदार हेमेंद्र, इतकंच लिहिलं होतं. तेवढ्यानेही त्याची चार वर्षं पाण्यात गेली असती. पोराला त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं, म्हणून राग दुप्पट होता.

हेमेंद्र दार ढकलून आत आला.

“ताई, सोडियम-मॅग्नेशियमचे आकडे आले.”

“मीठ असेलच भरपूर.”

“समुद्र आहे ना तो.”

“मीठ घरातही असतं, हेमेंद्र.”

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आकड्यांचे कागद समोर ठेवले.

सुधाताईंनी ते दोनदा वाचले. सोडियमला जेवढं मॅग्नेशियम समुद्राच्या पाण्यात असतं, अगदी तेवढंच होतं, अठराही कागदांवर. डब्यातलं मीठ उधळून हे जमत नाही. म्हणजे पोरगा समुद्रावर होता, पंपही चालला होता.

मग त्यांनी शिशाचे आकडे पहिल्यांदाच तारखेप्रमाणे मांडले. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त, मग रोज थोडं कमी, अठराव्या दिवशी जवळजवळ काही नाही. पंप न चालवता त्यात नुसता ठेवलेला पहिल्या दिवशीचा कोरा कागद, त्यावरही शिसं. ते हवेतून आलंच नव्हतं. पंपातच होतं.

त्यांनी जहाजावरची नोंदवही उघडली. पहिल्याच पानावर होतं, ‘झाकण आतून तीनदा पुसलं.’

“का पुसलंस?”

“घाण होती.”

“कसली?”

हेमेंद्रने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. “छोड़िए ना, ताई. माझी गलती लिहून टाका. मीच नीट पुसलं नाही.”

इतक्या मुकाट कबुलीने सुधाताईंचा संशय पुन्हा फणा काढून उभा राहिला. त्या उठल्या. पंप कोपऱ्यात होता. त्यांनी झाकण उलटं केलं. आतल्या स्क्रूच्या खाचेत एक केशरी कण अडकला होता.

जहाज निघायच्या आधी खंडेनवमी आली होती. ताईंचं घराणं फौजेतलं. वडील संभाजीराव त्या दिवशी अजून तलवार काढतात, आणि त्यांच्याकडे शस्त्राला कुंकू नाही, शेंदूर लागतो. आपलं शस्त्र हा पंप, म्हणून ताई घरची डबी घेऊन आल्या होत्या. हेमेंद्र चाचरत म्हणाला होता, “ताई, बाहेरून लावू या का?”

“म्यान कुणी पुजतं का रे?” असं म्हणून त्या हसल्या होत्या, आणि शेंदराचं बोट झाकणाच्या आतून फिरवलं होतं. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, हे त्या दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत.

“तुला केव्हा कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“कुणी लावला तेही लिहावं लागलं असतं. मला वाटलं, निघून जाईल.”

सुधाताई खाली बसल्या. त्यांना लाज वाटली. आठ दिवस त्या या पोराला चोर समजत होत्या, आणि तो चार महिने त्यांना झाकत होता.

त्यांनी पत्र पुढे ओढलं. मजकूर तसाच राहू दिला. हेमेंद्रच्या नावावर रेघ मारून वर स्वतःचं लिहिलं आणि सही केली. मग नोंदवही त्याच्यापुढे सरकवली.

“आजची तारीख घाल. झाकण का पुसलं ते लिही.”

त्याने ‘शेंदूर होता’ एवढं लिहिलं आणि पेन थांबवलं.

“पुढे, ताई?”

“पुढे माझं नाव. पूर्ण लिही.”