वादी येटे, वय वर्षे तीन

टक्. मऊ उकडलेल्या अंड्याच्या टाळक्यावर चमचा पडला आणि रविवारच्या न्याहारीची शांतता मोडली. चमचा अर्थातच बाबांचा. डॉक्टर हार्टविग एलरब्रोक यांच्या घरात पहिलं अंडं फोडायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता.

बाबा डॉक्टर ते कायद्यातले; प्रशासकीय कायद्याचे वकील. खून, घटस्फोट, अफरातफर असल्या थिल्लर कामांना त्यांनी जन्मात हात लावला नाही. त्यांची लढाई वीतभर जास्त वाढलेल्या कुंपणाशी, परवानगीवाचून घातलेल्या मोटारीच्या छपराशी. पहाटे आरवणाऱ्या एका कोंबड्याला त्यांनी वरच्या न्यायालयापर्यंत खेचलं होतं. निकाल लागेस्तोवर कोंबडा म्हातारपणाने मेला, पण तत्त्व जिंकलं. पुढे नगरपालिकेनेच त्यांना वकील नेमलं. तिचं ‘नाही’ ते इतकं गुळगुळीत करून देत, की माणसं आभार मानून जिना उतरत.

सगळ्यात गाजला तो त्यांचा बालवाडीचा शोध. प्रत्येक पोराला बालवाडीत जागा मिळालीच पाहिजे, असं कायदा म्हणतो. घराजवळ मिळाली पाहिजे, असं कुठे म्हणतो? मग द्या शहराच्या दुसऱ्या टोकाला! अंतर झेपण्याजोगं आहे हे सिद्ध करायला बाबा स्वतः ट्रॅमने जाऊन आले, घड्याळ हातात धरून. कडेवर पोर नव्हतं, एवढंच.

त्यांच्या मुलीने, वीबकेने, आपल्या लेकीच्या, येटेच्या पावाला लोणी लावलं, कडा कापून टाकल्या, आणि मग धीर केला.

“बाबा, मी वकील केलाय. एक तारखेला चष्म्याच्या दुकानात वेळेवर हजर झाले नाही, तर माझी नोकरी जाते. आणि येटेला दिलेली बालवाडी पार बंदराच्या पलीकडे! तिला सोडून परत येईस्तोवर तिथे जेवणाची सुट्टी होईल.”

“अतिशयोक्ती. पण वकील केलास ते बरं केलंस. हरशील.”

“तुम्हाला काय माहीत?”

“शहरातर्फे मीच उभा आहे ना.”

वीबकेच्या आईने किटली खाली ठेवली. “हार्टविग, अरे पोटच्या पोरीविरुद्ध?”

“पोरीविरुद्ध उभं राहू नये असं कायद्यात कुठेही नाही, गुड्रुन. काल सगळा चाळला. शिवाय हक्क मुलाचा असतो. म्हणजे वादी वीबके नाहीच; वादी येटे.” नातीकडे वळताच त्यांचा चेहरा लोण्यासारखा पघळला. “वादीला आणखी जॅम हवाय का गं, चिमणे?”

वादीने जोरात मान डोलावली.

“बाबा, हा एवढा एकच खटला सोडा. दुसऱ्या कुणाला तरी द्या. बाकी काही मागत नाही.”

“आणि लोकांनी म्हणायचं, घरचं माणूस समोर आलं की एलरब्रोक कच खातो?” त्यांनी रुमालाची काटेकोर घडी घातली, नातीच्या केसांवर ओठ टेकले आणि फिरायला निघाले. “मनाला लावून घेऊ नकोस, वीबके. यात व्यक्तिगत काही नाही.”

दार लागलं. येटेने बोटावरचा जॅम चाटून संपवला.

“आई, आजोबा मला हरवणार?”

“बहुतेक, राजा.” वीबके तिचं तोंड पुसू लागली.

“मग त्यांना खूप आनंद होईल?”