आपल्या माणसाचं नाव शेवटी

मंचावर बसलेल्या माणसाचं नाव माइकवरून घेतलं नाही, तर तो विरत जातो. आधी चपला, मग पाय, मग वर वर. आमच्या पक्षात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून सभेआधी भलेभले माझ्या हातात चिठ्ठ्या कोंबतात. मी सूत्रसंचालक आहे, मंचावर उभाच असतो, म्हणून मला विरण्याची भीती नाही. एकोणीस वर्षांत मी मंचावरचा एकही माणूस गमावलेला नाही. ही फुशारकी वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

यंदा प्रदेशाध्यक्ष निवडायला पक्षाने पहिल्यांदाच सभासदांचं मतदान ठेवलं. पाच उमेदवार, आणि मतदानाआधी चार जाहीर सभा. उमेदवारांत एक माझी थोरली बहीण होती, शेवंताअक्का देवकाते. सव्वीस वर्षं पक्षासाठी उन्हातान्हात फिरली, आणि आत्ता कुठे तिची पाळी आली होती. तिचं नाव मी नेहमी शेवटी घेतो. आपल्या माणसाचं नाव शेवटी घ्यायचं, ही आमच्यातली रीत. आधी घेतलं की लोक बोटं दाखवतात. चार नावं होईपर्यंत फार तर तिच्या पायाचे अंगठे पुसट व्हायचे, त्याचं काही विशेष नाही.

परभणीच्या पहिल्या सभेत निरंजन खटावकर सहावा उमेदवार म्हणून येऊन बसला. पक्षात त्याला कुत्रं ओळखत नव्हतं, पण मिक्सरच्या जाहिरातीत सगळ्यांनी पाहिलेला. मी म्हणालो, "निरंजन खटावकर." मागून कोणीतरी ओरडलं, "युवकांचे आशास्थान!" झालं, ते नावाला चिकटलं. लोकांनी लावलेलं वगळता येत नाही. वगळलं तर माइक बंद पडतो, आणि पुढची नावं राहूनच जातात.

वाशीमला त्याचं नाव चार मिनिटांचं झालं. हिंगोलीला पाऊण तासाचं. विकासमहर्षी काय, माताभगिनींचे कैवारी काय, अहो, काहीही! गड्याने तोवर एक भाषणसुद्धा केलं नव्हतं. बाकीचे चार उमेदवार हुशार निघाले. त्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि सरळ त्याच्या नावात जाऊन बसले. 'रंगनाथ बोधने यांचे विश्वासू' असं वाचलं की रंगनाथ बोधने खुर्चीत ठणठणीत.

अक्काने पाठिंबा दिला नाही. हिंगोलीला मी तिच्या नावापर्यंत पोचलो तेव्हा ती कमरेपर्यंत गेली होती. नाव घेतल्यावर परत आली, पण डाव्या हाताची तीन बोटं आलीच नाहीत. परतीच्या वाटेवर चहाचा कप तिला धरता येईना.

"माझं आधी घे की रे, माणक्या."

"लोक काय म्हणतील, अक्का?"

"लोकांना मी दिसेनाशी झालेय. तू कुठल्या लोकांचं सांगतोस?"

आईच्या माघारी हिनेच मला वाढवलं, आणि मी हिला रीत शिकवत होतो! लाज वाटली मला, खरंच सांगतो.

"नांदेडला तुझंच पहिलं," मी म्हणालो. "आईशप्पथ."

नांदेडची सभा सकाळी दहाची होती. खटावकरचं नाव तोवर सहा वह्यांचं झालं होतं, दोघांनी उचलून त्या माझ्यासमोर ठेवल्या. मी वह्यांना हात लावला नाही. माइक जवळ ओढला आणि म्हणालो, "मंचावर उपस्थित, शेवंताअक्का देवकाते!"

अक्काची तिन्ही बोटं एकेक करून परत आली. ती हसली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एकजण ओरडला, "यांचे धाकटे बंधू!"

लगेच सगळं सभागृह तेच म्हणू लागलं. यांचे धाकटे बंधू! यांचे धाकटे बंधू! मला वाटलं, मलाच म्हणतायत. एकोणीस वर्षांत माझं नाव माइकवरून कोणी घेतलं नव्हतं. मी सुखावलो, मूर्ख कुठला. माइक खरखरायला लागला म्हणून घाईने मी तेही म्हणून टाकलं, "यांचे धाकटे बंधू," आणि पुढचं तोंडातून आपसूक आलं, "निरंजन खटावकर."

टाळ्या थांबेनात. अक्का आता पुरती होती, पायांतल्या चपलांसकट. ती उठली. स्वतःची खुर्ची उचलून तिने खटावकरशेजारी लावली आणि पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"दमलास का रे, निरंजना?"

"नाही, अक्का," तो म्हणाला. मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी हात वर केला. तिने मला नीट न्याहाळलं, आणि स्वयंसेवकांना हाक मारली.

"त्या माइकवाल्याला पाणी द्या रे कुणीतरी. बरंच वाचायचंय त्याला अजून."