पितळचोराची पोर

जुनी गोदी लोकांना बघायला खुली झाली त्याला वर्ष होत आलं, तरी कंडक्टरबाईंनी आत पाऊल टाकलं नव्हतं. याच गोदीतून त्यांच्या वडिलांना चोर ठरवून हाकललं होतं.

वडील फिटर. त्यांनी पितळी व्हॉल्व्ह जेवणाच्या डब्यात घालून पळवला, असं स्टोअरकीपरनं साहेबापुढे छातीठोकपणे सांगितलं. "या डोळ्यांनी पाहिलं!" साहेबानं ना डबा मागवला, ना व्हॉल्व्ह. पाच मिनिटांत निकाल लागला. पुढे त्यांना कुणी दारात उभं करेना; ते घराबाहेर पडेनासेच झाले. आईनं चार घरची धुणी धरली आणि शाळेत बाईंचं नाव पडलं 'पितळचोराची पोर'. वडिलांना काढल्यावरही स्टोअरमधले व्हॉल्व्ह गायब होतच राहिले. तेव्हा मात्र कुणाच्याच डोळ्यांना काही दिसलं नाही.

एक दिवस बाईंच्या बसचा ड्रायव्हर सहकुटुंब गोदी बघून आला.

"काय हसवतो हो तो म्हातारा गाईड! पूर्वी तिथेच स्टोअरकीपर होता म्हणे. एका फिटरनं डब्यातून व्हॉल्व्ह कसा लांबवला ते असं रंगवून सांगतो, पोट दुखलं हसून!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडानं त्या एवढंच म्हणाल्या, "हो का? मग जायलाच हवं."

रविवारी त्यांनी माळ्यावरचा जुना डबा काढून पिशवीत घातला.

"तो कुठे नेतेस?" वडिलांनी विचारलं.

"फिरायला."

गोदीत तीसेक माणसं जमली होती. गाईडनं सगळ्यांना दगडी पायऱ्यांवरून खाली नेलं, जहाज आत घेऊन गोदीतलं पाणी कसं उपसत ते दाखवलं, मग पंपाच्या खोलीत आणलं. टेबलावर भोपळ्याएवढा पितळी व्हॉल्व्ह, वर फिरवायचं चाक.

"उचलून बघा! आमच्याकडे एक फिटर होता. दिसायला गरीब गाय. पठ्ठ्यानं हाच माल डब्यात घातला, वर जेवण पसरलं आणि निघाला सलाम ठोकत!"

लोक खो खो हसले.

"एवढाच होता का तो?" भरल्या बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज मागून आला.

"अगदी एवढाच, ताई. सगळे एकाच मापाचे."

"आणि डबा?"

"तो काय, काचेच्या कपाटात. गोदीकडून सगळ्यांना सारखेच मिळायचे."

बाईंनी तसाच लांबट, चपटा डबा टेबलावर आदळला. झाकणावर कामगाराचा नंबर कोरलेला होता. "हा घ्या. घाला बघू."

गाईड ओशाळं हसला. "ताई, पुढे अजून बरंच बघायचंय..."

"आम्हाला घाई नाही. आहे का हो कुणाला?"

कुणालाच नव्हती. मोबाईल वर झाले. म्हाताऱ्यानं व्हॉल्व्ह उभा धरला, आडवा धरला, तिरका केला. तो काठांवरच अडला.

"अहो, झाकण राहू द्या, तळाला तरी टेकवा!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा पिकला. या वेळी गाईड हसला नाही.

"मी त्या फिटरची मुलगी," बाई म्हणाल्या.

तो जवळ येऊन पुटपुटला, "जुन्या गोष्टी, बाई. सोडा आता. मला नातवंडं आहेत."

"आणि मला बाप आहे. मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही. फिटरनं नेला?"

"नाही."

"मग कुणी?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "मी."

घरी वडिलांनी सगळं ऐकलं. "स्वतःच्या तोंडानं म्हणाला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. डोळे पुसले. मग म्हणाले, "झालं तर. आता सोड त्याला."

बाईंनी सोडलं नाही. पुढच्या रविवारी त्या रांगेत पहिल्या होत्या. गाईड पंपाची खोली टाळून पुढे निघाला, तशा त्या गोड आवाजात म्हणाल्या, "डब्याची गोष्ट राहिली की!" त्याला सांगावी लागली; खरी, अडखळत. तिसऱ्या रविवारीही. चौथ्या रविवारी दुसराच गाईड होता. म्हाताऱ्यानं काम सोडलं, घराबाहेर पडत नाही, असं कळलं.

"बिचारा," वडील म्हणाले.

"तुम्हीही नव्हता पडत," बाई म्हणाल्या आणि त्या दिवशी कधी नव्हे त्या पोटभर जेवल्या.