पुसलेल्या पट्ट्या

जावईबापूंनी घोळ घातला तो निव्वळ चांगुलपणाच्या भरात. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं. म्हणून ते घरी यायच्या आदल्या दिवशी या भल्या माणसाने त्यांच्या रोपांच्या नर्सरीची अख्खी शेड धुऊन काढली. फळ्या धुतल्या, कुंड्या धुतल्या आणि कुंड्यांत खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याही साबण लावून लख्ख घासल्या. पट्ट्यांवर रोपांची नावं होती, पेन्सिलीने लिहिलेली.

बायको शेडमध्ये डोकावली आणि तिने कपाळाला हात लावला. "छान झालं. आता साठही कुंड्यांत एकच जात, बिननावाची."

थंडीचे दिवस, पानं कधीच गळलेली. वीस ब्लॅकबेरी, वीस रास्पबेरी, वीस ड्यूबेरी, आणि दिसायला सगळ्या वीतभर छाटलेल्या काड्या. ड्यूबेरी म्हणजे ब्लॅकबेरीची जमिनीवर लोळणारी बहीण. फळ तसंच काळं, पण पिकायची घाई फार. पानं असती तर निदान अंदाज बांधता आला असता. सोमवारी गिऱ्हाइकं रोपं न्यायला येणार होती. या झुडपांना फळ धरतं ते दुसऱ्या वर्षाच्या फांदीला, त्यामुळे चुकीचं रोप गेलं तरी कळायला बराच काळ जाणार, आणि तोवर ते कुणाच्या तरी कुंपणाशी ऐसपैस पसरलेलं असणार. सासऱ्यांनी पस्तीस वर्षांत असं रोप कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं.

पण त्याला धास्ती होती ती वेगळीच. त्याची कचेरी बंद पडली आणि तो बायकोच्या माहेरी राहायला आला, त्याला तीन वर्षं झाली. सासरे तोंडाचे फटकळ. माळ्याला झापायचे, टेम्पोवाल्याला झापायचे, पोटच्या मुलीलाही सोडायचे नाहीत. याला मात्र, "जावईबापू, तुम्ही कशाला त्रास घेता? बसा ना." तीन वर्षांत छाटणीची कात्री एकदाही त्याच्या हाती आली नव्हती. ज्याच्यावर कुणी ओरडत नाही तो घरातला नसतो, एवढं त्याला कळत होतं. आणि आता तर तो पाहुणाही धड राहिला नव्हता.

सासरे आले, एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्याने आधीपासूनच अंधुक दिसायचं. ते खुर्चीत टेकताच त्याने सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांचा जबडा दोनदा हलला. मग ते म्हणाले, "होतं असं, जावईबापू. आणा एकेक कुंडी."

एखादी शिवीही त्याला इतकी झोंबली नसती.

त्याने ओल्या फडक्याने पुसून एकेक कुंडी त्यांच्या मांडीशी धरली. सासरे काडीवरून बोटं फिरवत आणि नाव सांगत. काडी जाड, कडा असलेली, काटे वाकडे आणि बुडाशी रुंद, ती ब्लॅकबेरी. ब्रशच्या केसांसारखी बारीक काटेरी लव असली की रास्पबेरी. बारीक, गोल गरगरीत, कुठेही कड न लागणारी, ती ड्यूबेरी. तो ऐकत होता, लिहीत होता, या वेळी पक्क्या शाईने. चाळीस कुंड्या झाल्या तेव्हा सासरे दमून खुर्चीत मागे रेलले.

"बाबा, पुढच्या मी बघू?" त्याने भीत भीत विचारलं आणि डोळे मिटून घेतले. पहिल्या तीन बरोबर आल्या. चौथीला तो ऐटीत म्हणाला, "ड्यूबेरी. चांगली बारीक आहे."

सासऱ्यांनी काडी चाचपली.

"अरे गाढवा, बारीक म्हणजे ड्यूबेरी होय? ब्लॅकबेरीचं पोर आहे ते! कड लागत नाही तुझ्या बोटाला? तीन वर्षं या घरात काय झोपा काढल्यास?"

चहा घेऊन येणारी बायको दारातच थबकली. सासऱ्यांचा चेहरा उतरला. "जावईबापू, माफ करा हं. तोंडातून निघून गेलं."

कुणी आपल्याला इतकं भरभरून काही दिलं आहे, असं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "गेलं ते गेलं. आता परत घेऊ नका."

सासऱ्यांनी हवेत चाचपडत त्याचा हात शोधला आणि अंगठा पकडून काडीवर टेकवला.

"मग नीट लक्ष दे. अंगठा उभा नाही, आडवा फिरव. असा. लागली कड?"

"लागली," तो म्हणाला. खरं तर काटाही चांगलाच रुतला होता, पण ते तो बोलला नाही. अजून सोळा कुंड्या उरल्या होत्या, आणि त्यांतली एखादी तरी आपली चुकावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.