पाहुण्याला दिलेला होकार

"मालकाने राजीखुशीने दिली तरच गाडी आणायची, सुगेंग. नको म्हणाला तर हात लावायचा नाही. पुढचं कोर्ट बघेल." कर्जकंपनीच्या साहेबांचं हे सांगणं वसुलीवाल्या सुगेंगच्या कानात दिवसभर घुमत होतं. त्याने ते पाळलं होतं. मग मनाला टोचणी का लागली होती?

जावातल्या क्लातेन गावी, त्यांच्या घरात, त्याच्या आईने, सुमिनी इबूने, गुरुवारचा उपास खजुराने सोडला आणि दाराकडे पाहिलं. "लास्त्री आली नाही रे आज जामू घेऊन. तिच्या हळद-चिंचेच्या काढ्याशिवाय उपास सुटल्यासारखा वाटत नाही."

सुगेंगची मान खाली गेली. "तिचे हप्ते थकले होते, इबू. तिची मोटारसायकल मीच आणली. जबरदस्ती नाही हं केली! तिने उलट चहा दिला. 'नेऊ का?' विचारलं, तर हो म्हणाली."

"एकटाच गेला होतास?"

"दोन जोडीदार होते."

"ते रेड्यासारखे? अंगणात उभे?"

"हो, अंगणातच."

"अरे, आपण जावाची माणसं! दारी आलेल्याला तोंडावर 'नाही' म्हणतो का कधी? परवा शेजारणीची खारट भाजी 'छान झालीय' म्हणत मी दोनदा वाढून घेतली. म्हणजे मला आवडली?"

सुगेंगला हसू आलं आणि लगेच विरलं.

"आणि तिच्या बाटल्यांच्या टोपल्या?"

"गाडीवरच राहिल्या..."

"तारण गाडी होती. टोपल्याही तारण होत्या का रे?"

चहाचा पेला पुढे करताना लास्त्रीची नजर अंगणातल्या त्या दोघांवरून हलत नव्हती. त्याने ते पाहिलं होतं! पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"गाडी परत केली तर साहेब कामावरून काढतील, इबू."

"काढतीलही. कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. कंपनीने कोर्टात जावं, तिथे लास्त्रीलाही तोंड उघडता येईल."

तो उठत म्हणाला, "आजच गाडी तिच्या अंगणात नेऊन लावतो. नाही म्हणायचा तिला हक्क आहे, हेही सांगतो. शब्द देतो."

मंडळी, घेतलेलं कर्ज फेडायलाच हवं. पण भेदरलेल्या माणसाचा होकार म्हणजे राजीखुशी नव्हे. समोरच्याच्या भिडेचा आणि भीतीचा फायदा घेऊन पाळलेला कायदा हा मोडलेलाच कायदा असतो!

सुगेंगने नमाज पढली. जोडीदारांना न कळवता त्याने चपला पायात सरकवल्या आणि तो एकटाच, आणलेल्या गाड्या ठेवत त्या गोदामाच्या वाटेला लागला.