उघाडीवरचं गाऱ्हाणं

सकाळी सकाळी बांधावर भांडण लागलं आणि सगळ्या वस्तीला आनंद झाला.

"मेल्या माणक्या, ह्यो बांध घातलंस की म्हशीन शेण घातल्यान?" दशरथचा आवाज पार खाडीपर्यंत गेला. "खेकडो शिंकलो तरी फुटतलो ह्यो. सर बाजूक."

वस्तीतल्या तरण्या माणिकने फावडं सोडलं, पण त्याला राग आला नव्हता. दिवाळीपासून दशरथ खाटेवरून उठला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचा. सुलक्षणा, त्याची बायको, भाताचा घास ओठाला लावायची तेव्हा तोंड उघडायचा. तोच माणूस आज गुडघाभर चिखलात उभा राहून शिव्या घालत होता.

"काका, तुमच्या शिव्या ऐकून झकास वाटलं," माणिक म्हणाला. "अजून द्या दोन-चार."

मुंबईत नाहूरला पूर्वेकडे हायवे ओलांडला की इमारती एकदम थांबतात आणि मिठागरं लागतात. बरीचशी आता ओसाड आहेत. आमच्या वस्तीकडचे वाफे तेवढे अजून पिकतात. दशरथचा बाप मूळचा शिरोड्याचा. गिरणी बंद पडल्यावर त्याने गावाकडे शिकलेलं मिठाचं काम इथे धरलं, दशरथने ते पुढे चालवलं. मी त्यांचा शेजारी. पार्ल्याच्या एका कॉलेजात पुस्तकं लावण्यात माझा जन्म गेला. वस्ती मला मास्तर म्हणते, पण मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही. मिठातलं मला फार कळत नाही, आणि माणसातलं कळतं की नाही याची शंकाच आहे. पाहिलं तेवढं सांगतो.

"बघितलंस, मास्तर?" जयवंतआबा बांधावर उकिडवे बसून विडी ओढत होते. "देवान उठवल्यान. डॉक्टराची गोळी नुसती निमित्ताक."

जयवंतआबा दशरथचे चुलते. वस्तीत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. शिमग्याला, मीठ धरताना, घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर ते बांधावरच्या देवचाराच्या, म्हणजे राखणदार देवाच्या, दगडापुढे नारळ घेऊन उभे राहतात आणि देवाशी बोलतात. बाकीचे हातातलं काम जागच्या जागी टाकतात, हात जोडतात आणि दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या वेळी हात मोकळे नसतील तर मागणं फुकट जातं, असं ही माणसं मानतात. दशरथसाठी आबांनी असंच गाऱ्हाणं घातलं होतं, आणि दशरथ उठला होता. यात मी काय बोलणार?

पण पुढच्या दिवसांत मला जरा धास्ती वाटू लागली.

होळीनंतरचं ऊन. वाफ्यांवर मिठाची पांढरी साय धरली होती, वारा तोंडाला खारट लागत होता. दशरथ सगळ्यांच्या आधी बांधावर असायचा. शीळ घालायचा. आपल्या वाफ्यांतलं मीठ ओढून झालं की शेजाऱ्याचं ओढायचा, मग ओसाड मिठागरात एकटाच नवीन बांध घालायचा. ताटावर बसला की बोलत सुटायचा आणि ताट तसंच राहायचं.

"मास्तरानु, लिवून ठेवा. अंधेरीच्या विमानतळापावत वाफे नेतंय. विमान उतरला की समोर आपला मीठ."

"विमानवाले हाकलतील रे," मी म्हणालो.

"माका? माका कोण हाकलतलो?" तो हसला. हसणं थांबेना. डोळे लाल होते आणि लकाकत होते.

एका दुपारी तेजल आली. पलीकडच्या गल्लीतली मुलगी. महापालिकेच्या दवाखान्यात आरोग्यसेविका आहे. दशरथ पडून होता तेव्हा तिनेच त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यानंतर दवाखान्याने तिला मोठ्या हॉस्पिटलात मनाच्या आजारांचं ट्रेनिंग घ्यायला पाठवलं.

"काकू, काका झोपतात का?" तिने सुलक्षणाला विचारलं.

"झोपाक वेळ खंय आसा? कामाक लागलेत." सुलक्षणा मासे साफ करत होती. "इतके दिस झोपान होते, आता नको झोप."

"दमलेले दिसतात?"

"छ्या. घोड्यासारखे."

तेजल उंबऱ्यावर बसली. मी ओट्यावर होतो, तिने माझ्याकडेही एकदा पाहिलं. "काकू, याच्या आधी कधी असे झाले होते? असे घोड्यासारखे?"

सुलक्षणाचा चेहरा उजळला. "झाले नाय तर! लग्नाच्या दुसऱ्या वर्साक. सगळो बांध एकट्यान बांधल्यान, आठवडोभर पाठ टेकूक नाय. अजून शिमग्याक लोका ती गजाल सांगतत. विचार मास्तरांका."

मी मान हलवली. ती गोष्ट मीही ऐकली होती, हसलोही होतो.

"आणि त्यानंतर?"

सुलक्षणाची सुरी थांबली. "मगे… दिष्ट लागली. गावाक नेलंव. पावसाळोभर पडान होते."

"हे डॉक्टरांना सांगितलं होतंत?"

"चांगले दिस डॉक्टराक कोण सांगता गो? दुखणा सांगतत."

"मी पण नाही विचारलं," तेजल म्हणाली. "तेव्हा मला ठाऊकच नव्हतं विचारायचं असतं ते. काकू, हेही दुखणंच आहे. तोच आजार, दुसऱ्या बाजूने आलेला. अशा माणसाला नुसती उदासीची गोळी दिली ना, तर कधी कधी तो असा वर उडतो. गोळी बदलायला लागेल. आजच चला."

आबा मागे येऊन उभे होते ते कुणी पाहिलं नव्हतं.

"चार दिस शिकान इलंस आणि देवान उठवलेल्या माणसाक आजारी म्हणतंस?"

"आबा, मी देवाला काही बोलले नाही."

"माणूस पडलो तरी तुमचा औषध, उठलो तरी तुमचा औषध. मगे माणसान करूचा काय?"

"झोपायचं," तेजल म्हणाली. "एवढंच. ते झोपत नाहीत, आबा."

आबा थुंकले आणि निघून गेले. सुलक्षणा दशरथला बोलवायला उठली, पण तो येईना. "मी आजारी? तूच जा, तोंड बघ तुझा," म्हणून तिलाच हसला.

पौर्णिमेला उधाण होतं. उधाणाची भरती आमच्याकडे भर दुपारी येते. मी वाचत बसलो होतो, माणिक धावत आला.

"मास्तर, चला. काका उघाडीवर चढलेत."

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचा लाकडी दरवाजा. मीठ धरलेलं असताना उधाणात तो उघडला तर वस्तीची सगळी मेहनत तासाभरात विरघळून जाते. आणि उघडणारा माणूस पाण्याच्या लोंढ्यासमोर असतो.

दशरथ उघाडीच्या अरुंद फळीवर उभा होता. दोन्ही हातांनी दरवाजा वर ओढत होता. बाहेर खाडी फुगून बांधाच्या कडेला लागली होती, फटींतून पाणी फुसफुसत होतं. त्या करड्या पाण्याकडे मला बघवेना.

"सगळी खाडी आत घेतंय!" तो ओरडत होता. "ह्या काय मीठ? ह्या चिमटीभर! सगळ्या मुंबयक पुरात इतक्या करतंय!"

माणिक आणि आणखी दोघं पुढे सरकले. तेजलने हात आडवा धरला. "धरू नका. झटापट झाली तर खाली जातील. वाद घालू नका त्यांच्याशी."

"मग काय बघत बसायचं? तुझ्या ट्रेनिंगमध्ये काय सांगितलं?" माणिकने विचारलं.

"असं काही नाही सांगितलं," ती म्हणाली. "आबा, ते तुमचं ऐकतात."

आबा तेजलकडे बघत राहिले. दरवाजा कुरकुरला, एक वीत वर आला, आणि पाण्याची जाड पट्टी आत घुसली. सुलक्षणाने तोंडावर पदर दाबला.

आबांनी पायातल्या चपला काढल्या. नारळ नव्हता. रिकामे हातच जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा, बांधावरच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," वस्ती म्हणाली. मीही म्हणालो.

दशरथने मान वळवली. ओठ हलले, पण हात दरवाज्यावरच होते.

"आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दशरथचे हात सुटले. लहानपणापासूनची सवय, दुसरं काही नसावं. दरवाजा धाडकन खाली बसला. दशरथ फळीवर हात जोडून उभा राहिला, डोळे मिटलेले.

"ह्या माझ्या पुतण्याक तू उठवलंस. पण उठवताना जरा जास्तच उठवलंस, म्हाराजा."

कुणीतरी हसू दाबलं. "व्हय म्हाराजा."

"तेका झोप लागांदे."

"व्हय म्हाराजा."

आबा थांबले. ते पुढचे शब्द त्यांना जड जात होते, हे मला इतक्या लांबूनही दिसलं. "आणि ह्या तेजल चेडवाबरोबर दवाखान्यात जावची बुद्धी तेका होवंदे."

यावर वस्ती बोलली नाही. सगळे फळीकडे बघत होते. पाणी फुसफुसत होतं.

"व्हय म्हाराजा," दशरथ एकटाच म्हणाला, आणि मिटल्या डोळ्यांनी रडायला लागला.

माणिकने अलगद त्याचा हात धरून त्याला बांधावर आणलं.

हॉस्पिटलात त्याला ठेवून घेतलं. गोळी बदलली, दुसरी सुरू झाली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सुलक्षणाला पहिल्यांदा चांगल्या दिवसांबद्दलच विचारलं, आणि तिने सगळं सांगितलं, शिमग्याच्या गजालीसकट. घरी आला तेव्हा दशरथ जाडसर, मंद झाला होता, हात किंचित थरथरायचे. पाऊस तसाच गेला. दशरथ परत खाटेला लागला नाही, एवढंच.

आता पुन्हा मीठ धरायचे दिवस आलेत. परवा पहाटे भिंतीपलीकडून शीळ ऐकू आली. जुनीच, गोड. मी अंथरुणात उठून बसलो. पलीकडे सुलक्षणाच्या हातातलं भांडं खाली पडलं. कधीकाळी या शिळेने तिचा दिवस उजळायचा. गल्लीतलं एक दार उघडलं, मग दुसरं. आबा काठी टेकत बाहेर आले.

आमच्या वस्तीत हल्ली 'जेवलास काय' असं त्याला कुणी विचारत नाही.

"दशरथा," आबा म्हणाले, "झोप झाली मां?"

शीळ थांबली. आम्ही सगळे आपापल्या दारात, कान देऊन.

"व्हय म्हाराजा," आतून आवाज आला. "रातभर घोरतंय म्हणान हीच बोंबलता. जावा, झोपा जावा तुमी."

कुणी झोपायला गेलं नाही.